प्रस्तावित

ट्रॅमची रेघ मी लाल काढली आहे.
टिळक चौकातून निघून हरभट रोडने
राजवाडा चौकात एक मऊ वळण घेऊन
स्टेशन चौकात संपणारी.
स्टेशन चौकात स्टेशन नाही.
माझ्या जन्माआधीच ते उठून गेलं,
नाव मात्र रस्त्यावर बसून राहिलं
रिक्षाची वाट बघत.

पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी
माणसं पेन ड्राइव्हमध्ये आणली आहेत.
शंभरांचं एक पाकीट. सावल्या वेगळ्या.
कुत्रा फिरवणारी बाई, लॅपटॉपवाला मुलगा,
फुगा धरलेलं एक पोर, ज्याचे आईबाप
शेजारच्या बाकावर दुसऱ्याच कुणाचे आहेत.
कुंभोजकर साहेब म्हणतात, हर्षदा, माणसं पेर जरा,
चौक फार मोकळा दिसतोय.
मी पेरते.
एकाच्याही हातात भडंगाची पुडी नाही.
हळदीने पिवळ्या झालेल्या टाचा
एकीच्याही नाहीत.

विद्यमान गोष्टी वेगळ्या लेअरवर असतात.
नावासमोर एक छोटासा दिवा.
टिचकी मारली की तो विझतो,
आणि त्याच्याबरोबर एकशे बेचाळीस हातगाड्या,
दोन नळकोंडाळी, कडुलिंब क्रमांक सात,
चपलांचा ढीग आणि ढिगावरची छत्री.
आवाज होत नाही.
मी डबा खायला जाताना तो चालू ठेवून जाते.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मोजणीच्या दिवशी टेप
हसनसाब शिकलगारांच्या मांडीवरून न्यावा लागला.
ते उठले नाहीत. म्हणाले,
ओढा की, मी काय लाजतोय व्हय.
किल्ली घासत होते, कुणा वकिलाच्या कपाटाची.
खाली ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, वीतभर,
घासून घासून वरून आरसा झालेला.
"अब्बा स्टेशनात हमाल. रूळ उपटले त्या दिवशी
सगळा गाव बघायला गेला,
अब्बा करवत घेऊन गेले."
मग कानस थांबवून विचारलं,
"ट्रॅम म्हंजे किती जोरात येणार?"
सायकलीएवढी, मी म्हटलं.
"मग बसू की आम्ही कडंला.
आन् पूर आला की कुठं बांधायची तिला?"

हा प्रश्न मी सभेत विचारला.
पडद्यावर ऑगस्ट नव्हता.
झाडांना बारा महिने एकच पोपटी,
भिंतींवर एकोणीस सालच्या पाण्याची रेघ नाही,
जी माझ्या खांद्याला लागते
आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात
चौथ्या फळीला.
सल्लागार छान हसले.
वहीत काहीतरी लिहिलं त्यांनी.
मी वाकून पाहिलं :
चहा, दोन बिनसाखर.

काल रात्री नकाशा पाठवायचा होता.
विद्यमानचा दिवा विझवला.
फाईल बंद केली, पुन्हा उघडली,
आणि राजवाडा चौकाच्या वळणावर
लाल रेघेला चिकटून
एक काळा आयत काढला.
नऊ इंच बाय अडीच.
एकास पाचशेच्या प्रमाणात तो दिसतच नाही,
छापल्यावर माशी बसल्यासारखा वाटेल.
लेअर : प्रस्तावित.
शेरा : पहिला रूळ. बसवून झाला आहे.

साहेबांनी सकाळी सही केली,
माशी झटकल्यासारखा एकदा हात फिरवला कागदावर.

संध्याकाळी मी तिथूनच घरी निघाले.
हसनसाब कुणाला तरी सांगत होते,
तासाभरानं या.
नाहीतर उद्या या.
इथंच असतोय की.