काटा

उद्यमबागेत, भरमाण्णाच्या शेडमध्ये तीन लेथ.
एक आठफुटी, पंपांचे शाफ्ट कातून थकलेला.
एक नवा, हिरवा. मी हिरव्याकडेच बघत होतो.
"तम्मा, रंग कातत नसतोय."

खिशातून आर्मेचर काढलं, अंगठ्याएवढं.
तांबं काळवंडलेलं, ब्रशांनी चरे पाडलेले.
रविवारी तिसऱ्या फेरीत गाडी
वळणावरच उसासली होती.

त्यानं डायल गेज लावला,
हिरव्याचा चक हातानं फिरवला.
काटा लुटूलुटू हलला,
नवस फेडायला निघालेल्यासारखा.

मग पोत्याखालचा,
शिवणयंत्राएवढा.
काटा गप्प.

किंमत त्यानं आधी कन्नडमध्ये सांगितली, जोरात,
मग मराठीत,
शंभर कमी करून.

तांब्याचा पहिला कीस निघाला,
केसाहून बारीक, लाल.
दोघांनीही फुंकर मारली नाही.