जिन्याखाली – १

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीसच्या मागे
चार चाळी पाडायच्या, चाळीस मजले चढवायचे.
सुनावणी माझ्या टेबलावर.
पंखा आहे, फिरतो;
हवा मात्र शेजारच्या जन्म-मृत्यू विभागाला लागते.

पुरावा आणा, मी म्हणतो.
सन दोन हजारच्या आधीचा.
भाडेपावत्या पाण्यात गेल्या, वाळवीत गेल्या,
एकाच्या तर म्हणे
घटस्फोटात गेल्या.

मग वह्या यायला लागल्या.

पहिली आणली धाकू गमरेंनी, विहाराची.
लाल कापडी पुठ्ठा, आत वर्गणी:
‘बोअरवेल. खोली अकरा, अकरा रुपये.
खोली बारा, पुढच्या पगाराला.’
खोली बारा आता सत्तरीची, समोर उभी,
पदराशी चाळा करत म्हणाली,
‘दिले होते साहेब. लिहायचे राहिले.’

फिलोमेना परेरानं बाप्तिस्म्याचं रजिस्टर
पिशवीत, वर टॉवेल, वर पुन्हा पिशवी,
बाळंतिणीचं पोर आणावं तसं आणलं.
मशिदीच्या मुकादमचाचांनी निकाहनामे.
मंडळाच्या पोरांकडे पावतीपुस्तकं,
पानोपानी गणपती
आणि गणपतीच्या पोटावर खोली क्रमांक.

मी देवळात जात नाही.
बायको जाते, मी चपला सांभाळतो.
पण त्या आठवड्यात
महापालिकेच्या नकाशात नसलेली वस्ती
देवांच्या हिशेबात जशीच्या तशी सापडली:
कोण कधी आलं, कुणाचं पोर,
कुणाच्या मयताला किती लाकूड, किती कापड.

म्हणून ही माणसं गुण्यागोविंदानं नांदतात
असं कुणी समजू नये.
नव्या आराखड्यात प्रार्थनेसाठी एकच गाळा,
चौदा बाय वीस.
त्यावरून या टेबलावर दोनदा हात आपटले गेले.
पूर्व कुणाची, पश्चिम कुणाची,
भोंगा, घंटा, लिफ्ट कुठं थांबणार.
चहा सांडला. मी पुसला.
पूर्व-पश्चिम आर्किटेक्टकडे पाठवून दिल्या.

शुक्रवारी त्रिवेणी आली.
आडनाव? ‘लावत नाही.’
राहायला? ‘तीन नंबर चाळ, जिन्याखाली.’
पुरावा?
तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले,
उभा जन्म दुसऱ्यांना बांगड्या भरलेले,
काचेच्या बारीक रेघांचे.
विहाराच्या वहीत ती नाही. चर्चच्या नाही.
पावतीपुस्तकात नाही.
‘देव मानत नाहीस का?’ मी उगाच विचारलं.
‘मानते की.
पण जिन्याखाली वर्गणी मागायला
वाकतं कोण?’

वहीवाले सगळे बाकावरच होते.
कुणी छताकडे पाहिलं, कुणी पंख्याकडे.
फिलोमेना पिशवीची गाठ
सोडून पुन्हा बांधत राहिली.

सोमवारी मुकादमचाचा एक पिवळी चोपडी घेऊन आले.
निकाहांची नव्हे. रमजानच्या खिचड्याची,
देगेतून कुठं किती ताटं गेली त्याची.
खोली चार – ६.
खोली नऊ – ३.
आणि पान संपता संपता, बदललेल्या शाईत,
जिन्याखाली – १.
सत्त्याण्णव, जिन्याखाली – १.
अठ्ठ्याण्णव, जिन्याखाली – २.
नव्याण्णव, पुन्हा – १.

त्या दोनाबद्दल मी तिला काही विचारलं नाही.
रकान्यात त्याची गरज नव्हती.

शेरा लिहिला:
‘नाव जुळत नाही. जागा जुळते.’
वर सही व्हायची आहे. साहेब रजेवर.
फाइल सगळ्यांच्या वर ठेवली आहे.
इकडं हवा येत नाही,
तरी तिच्यावर
पेपरवेट ठेवून आलो.