सातव्या मजल्यावर

राइया हातमोजे काढते, एकावर एक घातलेले दोन्ही जोड.
दिवसभर हॉस्पिटलच्या तळघरात
काचेआडून केमोच्या पिशव्या भरल्या,
थेंब मोजून.

ताम्पेरेत अंधार दुपारी तीनलाच पडलेला.
घरी येऊन ती पुन्हा तळघरातच उतरते.
सातवा मजला, खंजीर, कुपीत कोळ्याचं विष.
पात्याला चोपडताना दहात एकदा
आपल्यालाच बाधतं, असा इथला नियम,
म्हणून आधी हातमोजे.
हेडफोनात योउको खिदळतो, "अगं, खेळ आहे!"
असू दे.
विषाची परीक्षा कोण घेणार.

राक्षस थोराड. हातघाईत निभाव लागायचा नाही.
एकच ओरखडा काढायचा आणि पळायचं,
खांबाला वळसा, दार लोटून घ्यायचं,
मग भिंतीपलीकडून उमटतात हिरवे आकडे
तीन
तीन
तीन

कॉफी ओतून येते तोवर पडद्यावर ओळ :
राक्षस मेला. मारणारी : तू.

मी तर स्वयंपाकघरात होते, ती म्हणते.
योउको पुढच्या दाराशी पोचलेलाही.

चार नंबरच्या खोलीत तो मुलगा,
ज्याचं फक्त वजन तिला ठाऊक आहे, एकतीस किलो.
त्याची पिशवी
आत्ता निम्मी झाली असेल.