पश्चिमेची भिंत

सकाळी सातला पहिली फळी निघाली.
पहारीला जोर लावावाच लागला नाही.
पासष्ट वर्षांच्या सीडारने एक सुस्कारा टाकला
आणि हातात आली,
पावाच्या करपल्या कडेसारखी हलकी.

वेलफ्लीटच्या या टेकाडावर
घर उभं आहे बारीक पायांवर,
सपाट छपराचं, समुद्राकडे काचच काच,
उरलेल्या अंगाला उभ्या फळ्या.
रंग नाही, वार्निश नाही, तेलाचं बोटसुद्धा नाही.
‘रंग खारा वारा देईल,’
असं एल्डन विट्लॉक म्हणाले होते,
आणि वाऱ्याने शब्द पाळला:
उत्तरेला रुपेरी, दक्षिणेला चहाच्या चोथ्यासारखा,
पश्चिमेला मात्र राखाडीवर काळे ओघळ,
प्रत्येक खिळ्याखाली एक,
वीतभर लांब, खाली निमुळता.

त्या ओघळांचा फोटो मासिकात आला होता.
भिंत आपली लिपी आपण लिहिते,
असं काहीसं विट्लॉक बोलले होते त्यात,
पाइप तोंडातून न काढता.
विद्यार्थी यायचे बॉस्टनहून,
गवतात मांडी घालून वहीत ओघळ उतरवून न्यायचे.

मी फुर्ताडो सुतारांच्या घरातला.
आमच्याकडे ही गोष्ट वेगळी सांगतात.

अठ्ठावन्नचा ऑक्टोबर. तांब्याचे खिळे यायचे होते,
आले नाहीत. आभाळ भरून आलेलं, भिंत उघडी.
आजोबाने, अन्सेल्मोने,
होडीच्या शेडमधला डबा उचलला:
साधे लोखंडी खिळे, काही तर वापरलेले,
दगडावर ठोकून सरळ केलेले.
अंधार पडेपर्यंत पश्चिम बाजू मिटवली.
‘वसंतात बदलू,’ म्हणाला.
वसंतात मासे लवकर आले.

लोखंडाचं आणि सीडारचं पटत नाही.
लाकडातला कडू रस, खिळ्याचा गंज, वरून पाणी,
झाली शाई.
मासिक पाहून आजोबा एवढंच म्हणाला म्हणे,
‘छापलंय ना? मग आता बदलायला नको.’

ऑगस्टाबाई एक्क्याण्णवच्या.
खुर्ची बाहेर आणून बसल्यात, गुडघ्यांवर घोंगडी.
मी नमुने मांडतो. सिमेंटची पाटी,
लाकडाची हुबेहूब नक्कल, गाठीसकट,
फक्त दर चौथ्या पाटीला तीच गाठ.
पन्नास वर्षांची हमी.
‘कुणाला देणार आहेस हमी?’ त्या विचारतात.

मग सीडारच. स्टेनलेसचे खिळे.
फळीमागे पट्ट्या, हवा खेळायला,
तळाशी जाळी. पाणी आत जाणारच, बाई,
त्याला परतायची वाट ठेवावी लागते.
एवढं मला येतं. एवढं मी नीट सांगतो.
आणि सांगता सांगता बोलून जातो,
‘आता ते ओघळ यायचे नाहीत.’

बराच वेळ समुद्रच बोलतो.
मग त्या म्हणतात, ‘कंदील मी धरला होता.
तुझा आजोबा डबा घेऊन आला त्या संध्याकाळी.
एल्डन शहरात होता.’

आणि त्यांना…?

‘आधी सांगायचं राहून गेलं.
मग मी राहू दिलं.’

चार दिवसांत भिंत झाली, ताजी, गुलाबी,
नुकत्या न्हालेल्या पोरासारखी. शोभेना त्या घराला.
शोभेल हळूहळू.

जुन्या फळ्यांतले खिळे मी डब्यात टाकत होतो,
त्यातले तीन उचलले,
दगडावर ठोकून सरळ केले,
स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मारले.
बिलात लिहिले नाहीत.

‘दिसायला लागायला दोन हिवाळे तरी लागतील,’ मी म्हणालो.
त्यांनी शाई वाळली का पाहावी तसं
नव्या फळीवरून बोट फिरवलं.
‘बघू,’ म्हणाल्या.