उघडी चाकं

रामिरो हे नाव नाशकात दोन आठवडे टिकलं.
तिसऱ्या आठवड्यात चहावाल्याने त्याचा रामराव केला
आणि पंचवटीच्या गावात
कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तो मला पिंगालेस म्हणतो.
मी पिंगळे. एकतीस वर्षं ओझरला विमानांचे बोल्ट आवळले.
जे सुटलं तर माणूस जातो
ते आवळायचं काम माझं,
ते सुटणार नाही असं धरून बसायचं काम त्याचं.

आता आडगावच्या पुढे, पत्र्याच्या शेडमागे,
जुन्या टायरांनी आखलेल्या वाटेवर
आम्ही पोरांना बुटक्या गाड्या शिकवतो.
रविवारी गर्दी. सोमवारी कुत्री.

त्याची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली,
बहुतेक कार्ब्युरेटर साफ करताना.
आठव्या वर्षी पहिली गाडी.
चौदाव्या वर्षी बापाने द्राक्षाची अर्धी बाग विकून
एक इंजिन घेतलं.
मी विचारलं, कुठलं?
त्याने इंजिनाचं नाव सांगितलं.
मी वाण विचारत होतो.

मग इटली, व्हॅनमध्ये झोपून.
जर्मनीत दोन वर्षं : चौथा, चौथा, दुसरा, चौथा.
मग सगळ्यात वरच्या शर्यतीत एक हंगाम,
शेपटाकडच्या संघात, अकरा शर्यती.
त्यातली एक पावसातली. पुढचे सगळे
टायर बदलायला आत वळले,
हा जुन्याच टायरांवर बाहेर राहिला.
तीन फेऱ्या पहिला.

‘समोर कुणी नव्हतं’ असं तो म्हणत नाही.
म्हणतो, तीन फेऱ्या, पिंगालेस,
तोंडावर कुणाचं पाणी नव्हतं.

बाराव्या शर्यतीआधी विमानतळावर फोन आला.
सिमेंटवाल्यांनी हात काढून घेतला होता.
जागा एका पोराला, ज्याचा बाप
पैसे मोजायलाही थांबला नव्हता.
त्या वेळी बॅग पट्ट्यावर फिरत होती.
ती त्याने सात वेळा समोरून जाऊ दिली.

पुढे जपान, मनगटात दोन स्क्रू,
मग अंबडच्या कारखान्यात शॉकअ‍ॅब्जॉर्बर तपासायची नोकरी.
कारखाना चाकणला गेला. हा गेला नाही.
का, विचारलं की मिसळीच्या ताटलीकडे बोट दाखवतो.

द्वारका चौकात तो स्कूटर तीसने चालवतो,
वळायच्या आधी हात दाखवतो.
मागचे त्याला शिव्या घालतात.
त्याच्या गाडीची चाकं उघडी असायची,
बसल्या जागेवरून दोन्ही दिसायची.
दुसऱ्याच्या चाकाला चाक नुसतं टेकलं
तरी गाडी हवेत.
ती सवय जात नाही, अंतर ठेवायची.

एप्रिलात त्याला मोहाडीला नेलं, मेव्हण्याच्या बागेत.
खरड छाटणी चालू होती,
नुसते खुंट, ऊन, तारा.
तो म्हणाला, मेली?
मेव्हणा हसला. ही काडीसाठी, म्हणाला,
फळासाठी ऑक्टोबरात पुन्हा कापायची.
दोनदा? एका वर्षात?
त्याच्या बापाकडे एकदाच कापत.
त्याने कात्री मागितली
आणि स्क्रूवाल्या मनगटाने अख्खी ओळ कापली.
मेव्हणा नंतर मला हळूच म्हणाला,
डोळे जास्त ठेवलेत पाहुण्याने.

परवा बोराडे आले, गॅसच्या गाडीवर असतात.
त्यांची जुईली बारा वर्षांची,
वळणावर ब्रेक इतका उशिरा दाबते
की माझाच पाय खाली जातो.
बोराडेंनी सरळ विचारलं,
रामराव, यात पुढे काय आहे?

त्याने हातमोजे काढले. एकेक बोट.
पुढे पैसे, म्हणाला. खूप पैसे.
बोराडे मान हलवत बसले.
तो शेडबाहेर गेला, परत आला.
आणि तीन फेऱ्या, म्हणाला.

बोराडेंनी माझ्याकडे पाहिलं.
मी जुईलीच्या डाव्या चाकाचा नट
पुन्हा एकदा पान्यावर घेतला.
आवळलेलाच होता.