सतरा आटे

माझी जन्मतारीख एक जून.
आई म्हणायची, गड्ड्याची जत्रा उठली आणि तू झालास.
म्हणजे जानेवारी. पण गुरुजींनी जून लिहिला,
आणि त्या परक्या वाढदिवसानं
मला एकतीस मेला घरी बसवलं.

शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
चावी स्टोअरला जमा केली,
साडेचार फुटी, मुठीपाशी झिजून गुळगुळीत.
‘एक नग’ लिहिलं त्यांनी. सही घेतली.

बत्तीस वर्षं साखर पेठेचं पाणी मी सोडलं.
नावानं कुणी ओळखलं नाही.
चावीवाला आला का, चावीवाला गेला का.
एका लग्नपत्रिकेवर तर
रा. रा. चावीवाले, सहकुटुंब.

त्या जूनमध्ये रात्री तीनला उठून बसायचो.
महानंदा कूस न बदलता म्हणायची,
झोपा. आता तुमचं पाणी नाही.

सकाळी कोथिंबीर आणायची.
संध्याकाळी तलावाकाठच्या बाकावर पेन्शनर:
गुडघे, साखर, भत्त्याचा फरक.
आठ दिवस गेलो.
नवव्या दिवशी माझा गुडघा दुखत नाही
याची लाज वाटली.

श्रावणात तौफिक आला, कंत्राटावरचा.
हातात टॅब, टॅबात शहराच्या निळ्या शिरा.
काका, कोष्ट्यांच्या बोळात पाणी चढेना झालंय.
व्हॉल्व्ह नकाशात आहे, रस्त्यात नाही.

मी छाती काढून गेलो.
पिठाच्या गिरणीपासून सात पावलं, म्हणालो.
खणलं. मुरूम.
बाजूला खणलं. टेलिफोनची मेलेली केबल.
बायका ओट्यावर येऊन बघत होत्या,
रिकाम्या घागरींना सुद्धा तोंडं असतात
हे तेव्हा कळलं.

नरसम्मा म्हातारी काठी टेकत खाली उतरली.
ही गिरणी नवी की रे.
तू मोजलेली ती जुनी.
आता तिथं मोबाइलचं दुकान.

तिथून सात.
डांबराचे चार थर, आणि मग
कुदळीला लोखंडाचा तो आवाज.

किती आटे, काका?
सतरा. सोळाव्याला अडकतो.
जोर करायचा नाही. थांबायचं.
त्याला दम घेऊ द्यायचा.
मग सतरावा.

दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीबरोबर
दोनशे पानी वही आणली.
आठवेल ते लिहितो,
आठवत नाही ते नरसम्माला विचारतो,
तिचं अर्धं तेलुगू, माझं अर्धं कन्नड,
मधे पाइप.

‘कासारांच्या पायरीखाली. उलटा फिरतो.’
‘तालमीमागे. झाकण चोरीला, फरशी ठेवलीय.’
‘शिवणकामाच्या दुकानासमोर. नऊ आटे.
घरात बाळंतीण आहे, एक जास्त.’
ते बाळ आता पुण्याला नोकरी करतं.
मी ओळ खोडली नाही.

अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं.
तौफिक अडतो, मी वाचून दाखवतो,
तो टॅबात एक टिंब लावतो.
आधी वाटायचं, एकेक टिंबाबरोबर
आपण थोडे थोडे कमी होतोय.
आता मीच म्हणतो, लाव, लाव, पुढचं सांगतो.
फक्त बाळंतिणीचा आटा
टॅबात कुठं लिहायचा, ते त्यालाही कळेना.

परवा जाग आली तर ऊन ओट्यावर आलेलं.
महानंदा बॅरलवर फळी ठेवत होती.

पाणी आलं होतं?
तीनला. जोरात.
हौदसुद्धा भरला.
मला उठवायचं की.
घोरत होता.

तिनं भाकरी थापायला घेतली.
भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद आहे,
सेल आणायचा राहूनच जातो.
मी वही उघडली.
बाळीवेशीचं पान अजून कोरं आहे.