चार सेंटिमीटर

आज तार्तूच्या कचेरीतला माझा खण रिकामा केला.
तळाशी सापडली सत्त्याहत्तर सालची पेन्सिल,
दोन्ही टोकांनी तासलेली.
निळ्या टोकानं पाणी काढायचं, लाल टोकानं वस्ती.
निळं झिजून नखाएवढं उरलंय,
लाल जवळजवळ अख्खं.

तेव्हा नकाशांना खोटं बोलायची सवय होती.
पूल दोन किलोमीटर सरकलेला,
एखादं गाव नाहीच.
मी दलदल मागून घेतली,
कारण दलदलीबद्दल खोटं बोलावं
इतकी ती कुणाला महत्त्वाची वाटत नव्हती.

पहिल्या दिवशी वनरक्षक एल्मारनं हातात काठी दिली.
म्हणाला, लाल शेवाळ माणूस पेलतं,
हिरवं फक्त दिसायला छान.
एवढंच शिक्षण. बाकी पदवी.

चौदाव्या पत्रकावर डाव्या कोपऱ्यात डाग आहे,
क्रॅनबेरीचा.
कादरी तेव्हा चालायला शिकत होती, फळ्यांच्या वाटेवर,
आणि जे हाताला लागेल ते माझ्या कामावर ठेवत होती.

एकतिसाव्या पत्रकावर समोच्च रेषा फार दाटीनं आल्यात.
तिथली जमीन एवढी चढउताराची नाही.
त्या हिवाळ्यात आर्वो गेला;
तो माझा हात होता.
तपासनिसानं सही केली, काही विचारलं नाही.

मग देश बदलला, आणि मी
नकाशात नसलेल्या एका गावात चालत गेले.
सात घरं, एक विहीर, सफरचंदाची दोन झाडं.
साल्मेबाईंनी दाराआडून विचारलं,
"म्हणजे आता आम्ही आहोत?"
मी गुडघ्यावर कागद ठेवून लाल टिंब काढलं.
त्यांनी चष्मा आणून ते पाहिलं,
म्हणाल्या, जरा उजवीकडे हवं.
बरोबर होतं त्यांचं.

हेही सांगायला हवं:
दलदल कोरडी करायचे पहिले चर
माझ्याच नकाशावरून खोदले गेले.
शेवटची बारा वर्षं मी
तेच चर कुठे बुजवायचे, ते आखत होते.
अर्ध्या नोकरीनं अर्धी नोकरी खोडली.
मधल्या काळात जे पक्षी गेले
त्यातले सगळे परत आले नाहीत.

रास्मुस आता ड्रोन उडवतो.
माझं वर्षभराचं काम तो जेवणाआधी करतो,
आणि चांगलं करतो, उगाच का नाकारू.
त्यानं विचारलं, एकेचाळीस वर्षांत किती वाढली ही?
म्हटलं, शेवाळाचा थर वर्षाला मिलिमीटरभर.
मी बोटं धरून दाखवली: एवढी.
तो हसला, मग त्या बोटांकडे
बराच वेळ पाहत राहिला.

काठी त्याला दिली. पेन्सिल नाही दिली.

कादरीचा फोन आला, उद्यापासून काय करणार?
मी खिडकीकडे पाहिलं.
बूट उलटे टांगलेत,
अजून ठिबकतायत.